अखेरच्या संदेशापलीकडे : महायुद्धांत बुडालेल्या रेडिओ ऑफिसरांच्या स्मरणाचा आढावा

प्रश्न नेमका काय

लंडनमध्ये टॉवर हिलवर छत्तीस हजारांहून अधिक व्यापारी नाविकांची आणि मच्छीमारांची नावे कोरलेली आहेत. दोन महायुद्धांत समुद्रात गेलेल्या या माणसांना जमिनीवर कबर मिळालेली नाही. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये भारतीय खलाशांची नावे जपलेली आहेत. नॉर्वेत स्टाव्हर्नला, कॅनडात हॅलिफॅक्सला आणि जपानमध्ये योकोसुकाजवळ कान्नोनझाकीला अशीच स्मारके आहेत. तेव्हा व्यापारी जहाजांवर मेलेल्यांची आठवण कोणी ठेवलीच नाही, असे म्हणता येत नाही. खरा प्रश्न आहे तो ती आठवण कशी ठेवावी याचा, आणि जहाजावरच्या एका छोट्या गटाबाबत तो शंभर वर्षे सुटलेला नाही. हा गट म्हणजे बिनतारी यंत्रावर बसणारी माणसे. आधी त्यांना ऑपरेटर म्हणत, पुढे रेडिओ ऑफिसर म्हणू लागले, आणि जहाजावर सगळ्यांच्या तोंडी त्यांचे नाव ‘स्पार्क्स’ हेच असे. त्यांचे स्मरण स्वतंत्र पेशा म्हणून करावे, की जहाजावरच्या सगळ्या माणसांत मिसळून करावे? आणि मुळात त्यांना आठवायचे ते कशासाठी? मरताना पाठवलेल्या संदेशासाठी, की त्याआधी महिनोन्‌महिने केलेल्या पहाऱ्यासाठी?

या वादातल्या बाजू, त्यांचा पुरावा आणि अजून अनिर्णित राहिलेले मुद्दे यांचा आढावा येथे घेतला आहे. तो घेताना एक प्रतिपादनही मांडले आहे. रेडिओ ऑफिसरांची आजवरची आठवण अखेरच्या संदेशाभोवती फिरत आली आणि त्यामुळे ती अपुरी राहिली. ज्यांना संदेश पाठवताच आला नाही, ज्यांनी सगळा काळ फक्त ऐकण्यात घालवला आणि जे इतरांबरोबर इतरांसारखेच बुडाले, ते या चौकटीत मावत नाहीत. नाव, हुद्दा आणि जहाज या तीन गोष्टी एकत्र ठेवणारी नोंद हाच स्मरणाचा सर्वांत न्याय्य पाया ठरतो.

युद्धाआधीच तयार झालेला साचा

मार्कोनीची सागरी बिनतारी कंपनी १९०० साली निघाली. तिची पद्धत साधी होती. कंपनी यंत्र भाड्याने देई आणि ते चालवणारा माणूसही स्वतःच पुरवी. या माणसाचा धनी मार्कोनी कंपनी, पण जहाजावर चढल्यावर हुकूम कप्तानाचा. नाव जहाजाच्या करारपत्रावर आणि नोकरीची नोंद कंपनीच्या दप्तरात. पुढे अशा आणखी कंपन्या या व्यवसायात उतरल्या, पण बराच काळ रचना हीच राहिली. हे दुहेरी नाते स्मरणाच्या प्रश्नात फार महत्त्वाचे आहे. डेकवरचे आणि इंजिनाकडचे अधिकारी जहाज कंपनीचे, खलाशीही तिचेच. रेडिओचा माणूस मात्र त्यांच्यात राहूनही अर्धा बाहेरचा होता. त्यामुळे त्याच्या मृत्यूचे कागदही दोन ठिकाणी विभागले गेले. करारपत्रे आणि मृत्यूच्या नोंदी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या, तर मार्कोनी कंपनीची जुनी कागदपत्रे २००४ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे आली.

त्याला आठवायचे कसे, याचा साचा पहिल्या महायुद्धाची झळ लागण्यापूर्वीच तयार झाला होता. १९०९ साली उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ‘ओहायो’ जहाज बुडताना जॉर्ज एकल्स हा ऑपरेटर मेला. १९१२ साली ‘टायटॅनिक’वर पंचवीस वर्षांचा जॅक फिलिप्स अखेरपर्यंत संदेश पाठवत राहिला, आणि हे साऱ्या जगाला कळले. त्याच्या गावी, इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगला, १९१४ साली त्याच्या स्मरणार्थ भिंतींनी वेढलेली बाग आणि ओवऱ्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ १९१५ साली न्यू यॉर्कच्या बॅटरी पार्कमध्ये कर्तव्यावर असताना बुडालेल्या बिनतारी ऑपरेटरांचे स्मारक झाले. फक्त या एका पेशासाठी उभारलेल्या जगातल्या जुन्या स्मारकांपैकी ते एक आहे. त्यावर प्रत्येक नावाबरोबर जहाज, तारीख आणि कुठल्या समुद्रात मृत्यू आला हे कोरलेले आहे. या स्मारकाने दोन गोष्टी रूढ केल्या. पहिली, नावाला जहाज जोडण्याची चांगली प्रथा. दुसरी, यंत्रावरून न हटणारा माणूस हीच या पेशाची ओळख. पुढच्या दोन युद्धांत दुसरी गोष्ट लोकांच्या मनात घट्ट बसली आणि पहिली मागे पडली.

कायद्यानेही या पेशाला हळूहळू आधार दिला. ‘टायटॅनिक’नंतर जानेवारी १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, पण युद्ध सुरू झाल्याने तो ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही. १९१९ साली ब्रिटनने कायदा करून सोळाशे टनांवरच्या जहाजांना बिनतारी यंत्र आणि ऑपरेटर सक्तीचे केले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा माणूस मालवाहू जहाजावरही नेहमीचा झाला होता. बहुतेक मालवाहू जहाजांवर तो एकटाच असे आणि ठरावीक तासच पहारा देई.

युद्धातले काम : बोलण्यापेक्षा ऐकणे

युद्धाने हे चित्र बदलले. चोवीस तास पहारा हवा म्हणून जहाजावर एकाऐवजी तीन रेडिओ ऑफिसर नेमण्याची पद्धत आली. एवढी माणसे जुन्या पेशातून मिळणे शक्य नव्हते. तेव्हा बिनतारी शिकवणाऱ्या खासगी विद्यालयांतून कमी मुदतीचे शिक्षण देऊन, युद्धापुरते खास प्रमाणपत्र हाती ठेवून, सोळा-सतरा वर्षांची मुले जहाजांवर धाडली गेली. अमेरिकेनेही बॉस्टन बंदरातल्या गॅलप्स बेटावर यासाठी मोठे शिक्षण केंद्र चालवले. म्हणजे युद्धात बुडालेल्या रेडिओ ऑफिसरांत मुरलेल्या माणसांबरोबर नुकती शाळा सोडलेली पोरेही मोठ्या संख्येने होती. स्मरणाचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

रेडिओ रूममध्ये ही मुले करत काय? भिंतीवर एक घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे दोन लाल पट्टे रंगवलेले असत. दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटे जगातल्या सगळ्या जहाजांनी ५०० किलोहर्ट्‌झवर गप्प राहायचे, म्हणजे कुणाची क्षीण हाक आली तर ती गोंगाटात बुडू नये. युद्धात तर हे मौन जवळजवळ अखंड झाले. आपण बोललो तर पाणबुडीला आपला ठिकाणा कळेल, या भीतीने जहाजे समुद्रात गप्प असत. रेडिओ ऑफिसर कानांवर हेडफोन चढवून चार-चार तास ऐकत बसे. नौदलाकडून व्यापारी जहाजांसाठी येणारे सांकेतिक संदेश तो उतरवून घेई, ते उलगडायला मदत करी आणि दुसऱ्या जहाजाची हाक आली की वेळ व ठिकाण टिपून जहाजाच्या ब्रिजवर कळवी. त्याचे यंत्र चालू झाले, म्हणजे बहुधा अनर्थ झालेला असे.

अशा वेळी काय पाठवायचे हेही ठरलेले होते. पाणबुडीने हल्ला केला तर चार वेळा एस, शत्रूची युद्धनौका दिसली तर चार वेळा आर, व्यापारी जहाजाच्या वेशातली लढाऊ नौका असेल तर चार वेळा क्यू, विमान असेल तर चार वेळा ए. त्यामागून जहाजाची ओळख आणि अक्षांश-रेखांश. वेळ मिळाला तर त्याआधी मिनिटभर चार-चार सेकंदांच्या बारा लांब खुणा पाठवायच्या. त्या ऐकून दुसऱ्या जहाजांवरची स्वयंचलित घंटा वाजे. या एक-दोन मिनिटांसाठी जिवाची किंमत मोजावी लागे. वेश बदललेल्या जर्मन नौका रेडिओ वापरू नका असा इशारा देत, आणि संदेश सुरू झाल्याचे दिसताच रेडिओ रूमवरच तोफा रोखत. संदेश पाठवायचा म्हणजे आपल्यावरच मारा ओढवून घ्यायचा, हे आत बसलेल्याला माहीत असे.

अशा संदेशाने युद्धाला वळण मिळाल्याची उदाहरणे आहेत. २ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ‘डोरिक स्टार’ या ब्रिटिश जहाजाला ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेने गाठले. धमकी धुडकावून रेडिओ ऑफिसरने ठिकाणासह संदेश पाठवला. त्यावरून ब्रिटिश आरमाराच्या कमोडोर हारवुड यांनी शत्रूच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधला आणि १३ डिसेंबरला रिव्हर प्लेटची लढाई झाली. रेडिओ ऑफिसर त्या प्रसंगातून वाचला. स्वतंत्र स्मारकाची बाजू घेणारे अशा प्रसंगांचा आधार देतात, आणि तो आधार भक्कम आहे.

आज काय उभे आहे

ब्रिटनमधल्या स्मरणाचा मुख्य आधार राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग आहे. टॉवर हिलवरचा पहिल्या महायुद्धाचा भाग सर एडविन लट्यन्स यांनी रचला आणि तो १९२८ साली खुला झाला. सर एडवर्ड मॉफ यांनी रचलेला दुसऱ्या महायुद्धाचा भाग १९५५ साली खुला झाला. दुसऱ्या भागात जवळजवळ चोवीस हजार नावे आहेत. ती जहाजांप्रमाणे लावली आहेत. जहाजाच्या नावाखाली आधी कप्तान आणि मग बाकीचे वर्णानुक्रमे. इतर कोणाचा हुद्दा दगडावर दिलेला नाही. रेडिओ ऑफिसर, स्वयंपाकी, आगवाला, डेकवरचा पोऱ्या, सगळे एकाच ओळीत. हुद्दा शोधायचा तर आयोगाच्या नोंदवहीत पाहावे लागते. तिथे मात्र तो नोंदलेला असतो.

भारतीय खलाशांची व्यवस्था वेगळी आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी सुमारे पाव हिस्सा माणसे भारतीय उपखंडातली होती. कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे डेकवर, पंजाब आणि सिल्हेटचे इंजिनाकडे, गोव्याचे खानपानाच्या विभागात, अशी ढोबळ विभागणी असे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नावे मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची नोंदवही मुंबई आणि चितगाव या दोन ठिकाणी ठेवली आहे. या जहाजांवरचे रेडिओ ऑफिसर बहुधा ब्रिटिश असत, म्हणून त्यांची नावे लंडनला आणि त्यांच्याबरोबर बुडालेल्यांची नावे मुंबई-चितगावला गेली. एकाच जहाजावरची माणसे मृत्यूनंतर अशी वेगवेगळ्या खंडांत वाटली गेली आहेत.

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले. नॉर्वेचे स्टाव्हर्नचे स्मृतिगृह १९२६ साली झाले आणि पुढे त्यात दुसऱ्या युद्धातले मृत सामील झाले. शिवाय युद्धकाळातल्या नाविकांची एक खुली नोंदवही त्या देशात तयार होत आहे. तिच्यात माणसागणिक जहाज आणि जहाजावरचे काम नोंदलेले सापडते. जपानने १९७१ साली कान्नोनझाकीला साठ हजारांवर युद्धमृत नाविकांचे स्मारक उभारले. कॅनडात ऑन्टारिओतल्या कोबर्ग गावी २०२० साली फर्न ब्लॉजेट यांचा पुतळा बसला. त्यांच्या स्वतःच्या देशाने बाईला जहाजावर रेडिओ ऑफिसर होऊ दिले नाही, म्हणून त्या १९४१ साली ‘मोस्डेल’ या नॉर्वेजियन जहाजावर गेल्या आणि त्यांनी अटलांटिकच्या कित्येक फेऱ्या केल्या. त्या युद्धातून सुखरूप परतल्या. पण त्यांच्या पुतळ्यामुळे या पेशात स्त्रियाही होत्या ही गोष्ट पुन्हा लोकांसमोर आली.

तीन भूमिका

या सामग्रीतून तीन भूमिका पुढे येतात. पहिली भूमिका स्वतंत्र स्मरणाची आहे. तिचा युक्तिवाद असा की रेडिओ ऑफिसरचे काम जहाजावरच्या इतर कोणत्याही कामासारखे नव्हते. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यावर बाकीचे लाइफबोटींकडे धावत आणि नेमके तेव्हा याचे काम सुरू होई. इतरांच्या सुटकेची शक्यता त्याच्या बसून राहण्यावर अवलंबून असे. शिवाय त्या काळी बहुतेक ब्रिटिश शौर्यपदके मरणोत्तर देता येत नसत. यंत्रावर बसल्याजागी मेलेल्या माणसाच्या वाट्याला त्यामुळे फार तर प्रशस्तिपत्र किंवा लॉइड्‌स संस्थेने १९४० साली सुरू केलेले युद्धपदक येई. सरकारी सन्मानात राहिलेली ही उणीव स्वतंत्र स्मारकाने भरून काढावी, असे या बाजूचे म्हणणे आहे.

दुसरी भूमिका जहाजाला एक मानणारी आहे. टॉवर हिलच्या रचनेमागे हीच दृष्टी दिसते. टॉर्पेडो लागला तेव्हा सर्वांत कमी संधी इंजिनरूममधल्या पाळीला असे. पाण्याच्या पातळीखाली, उकळत्या वाफेच्या नळांमध्ये आणि लोखंडी शिड्यांच्या तळाशी असलेल्या त्या माणसांतले फार थोडे वर येऊ शकले. तेही कर्तव्यावरच मेले, पण त्यांच्या मृत्यूचा आवाज कुठे पोहोचला नाही. रेडिओ ऑफिसरला वेगळे काढले तर आगवाल्याला मागे ढकलल्यासारखे होईल, आणि भारतीय आगवाल्याला तर दुप्पट मागे. सगळे एका जहाजात होते, तेव्हा त्यांचे स्मरणही जहाजाच्या नावाखालीच व्हावे, असे ही बाजू सांगते.

तिसरी भूमिका नोंदीची आहे. दगड आणि समारंभ यांपेक्षा प्रत्येक माणसाची पूर्ण, पडताळता येणारी नोंद महत्त्वाची, असे ती मानते. नॉर्वेची नोंदवही आणि युद्धसमाधी आयोगाची सूची हे तिचे नमुने. स्मारकावर जागा कमी असते, नोंदवहीत हुद्दा, वय, घर, जहाज, तारीख सगळे मावते आणि चूक सापडली तर दुरुस्त होते. या भूमिकेची कमजोरीही उघड आहे. नोंदवही शोधणाऱ्यालाच सापडते. जाता-येता कोणाची नजर तिच्यावर पडत नाही, आणि वर्षातून एक दिवस लोक तिच्यापाशी जमतही नाहीत.

दोन जहाजे, दोन कसोट्या

या भूमिका किती टिकतात हे दोन जहाजांवरून तपासता येते. दोन्ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची होती आणि दोन्हींवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे निघाले. त्यावर साडेनऊशेहून अधिक माणसे होती. २३ नोव्हेंबरला अरबी समुद्रात ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. पहिल्या तडाख्यानंतर जहाज तरंगत होते. काही वेळाने दुसरा टॉर्पेडो लागला. प्रथम रेडिओ ऑफिसर ई. बी. डंकन संदेश पाठवत राहिले आणि जहाजाबरोबर बुडाले. त्यांना मरणोत्तर लॉइड्‌सचे युद्धपदक मिळाले. दोनशे ऐंशी माणसे मेली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने पाण्यातून उचलून मुंबईला आणले. पहिल्या भूमिकेला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. पण याच जहाजावरचे प्रवासी आणि भारतीय खलाशी यांची आठवण दीर्घकाळ त्यांच्या घरांपुरतीच राहिली. सार्वजनिक स्मरणाचा मोठा कार्यक्रम मुंबईत २०२२ साली, ऐंशी वर्षांनी झाला. त्याआधीच, २०१७ साली, त्या जहाजातल्या २,३६४ चांदीच्या विटा समुद्रतळातून वर काढल्या गेल्या होत्या.

दुसरे जहाज ‘गैरसोप्पा’. मराठी माणसाला गिरसप्पाचा धबधबा म्हणून ओळखीच्या असलेल्या ठिकाणाचे हे नाव. चहा, लोखंड आणि चांदी घेऊन ते डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघाले. वादळी हवा आणि कोळशाची टंचाई यांमुळे ताफ्यातून वेगळे होऊन ते आयर्लंडकडे वळले. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, पुढची डोलकाठी मोडली आणि तिच्याबरोबर रेडिओच्या तारा कोसळल्या. संदेश पाठवणे अशक्य झाले. एक बोट सुटली. तेरा दिवसांनी ती इंग्लंडच्या टोकाला, लिझर्डजवळच्या खडकाळ खाडीत पोहोचली, तेव्हा मोजकीच माणसे जिवंत होती. त्यांत अठरा वर्षांचा रेडिओ ऑफिसर रॉबर्ट हॅम्पशायर होता. किनारा समोर दिसत असताना लाटेने बोट उलटली आणि तो बुडाला. सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स हे एकटेच वाचले. हॅम्पशायरची कबर जवळच्या लँडवेडनॅक गावच्या चर्चच्या आवारात आहे.

आता अखेरच्या संदेशाची कसोटी लावून पाहावी. डंकन तिला पुरेपूर उतरतात. हॅम्पशायर उतरत नाही, कारण त्याच्या जहाजावरून संदेश गेलाच नाही. पण त्याच्या कर्तव्यात उणे काय होते? कलकत्त्यापासून त्या रात्रीपर्यंत त्याने पहारे दिले होते. डोलकाठी मोडली हा टॉर्पेडोचा परिणाम, त्यात त्याचा दोष नाही. संदेश गेला की नाही हे यंत्र टिकले का, वीज राहिली का, मिनिटे किती मिळाली यांवर ठरत असे, माणसाच्या गुणांवर ते फार थोडे अवलंबून असे. नशिबाने ठरणाऱ्या गोष्टीला स्मरणाचा निकष केले, तर बुडालेल्यांमधले बहुसंख्य लोक त्याबाहेर राहतील. म्हणून हा निकष न्याय्य नाही, असे म्हणावे लागते.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप असा येईल की धैर्याच्या कथांशिवाय कोणतेही स्मारक लोकांपर्यंत पोहोचत नाही. फिलिप्सची कथा नसती तर बॅटरी पार्कचे स्मारकही झाले नसते. हे खरे आहे, आणि त्या कथा पुसाव्यात असे कोणी म्हणत नाही. पण ज्या स्मारकाला कथेने जन्म दिला, त्या स्मारकानेही एकल्ससारख्या कमी ज्ञात माणसाला तितकीच जागा दिली आणि नावापुढे जहाज व समुद्र लिहिला. कथेमुळे लोक दाराशी येतात, पण आत कोणाकोणाची नावे असावीत हे तिच्यावरून ठरवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप दुसऱ्या भूमिकेकडून येतो. हुद्दा नोंदवण्याचा आग्रह धरला तर समानतेला बाधा येईल, असे ती म्हणेल. टॉवर हिलच्या समानतेत मोठेपण आहे, यात शंका नाही. पण त्या समानतेची एक किंमतही आहे. हुद्दा गाळला की काम दिसेनासे होते, आणि काम दिसले नाही की माणूस बुडाला तेव्हा कुठे होता, काय करत होता हे कळत नाही. हुद्दा सर्वांचाच लिहिला, आगवाल्याचा, सारंगाचा, खानसाम्याचा आणि रेडिओ ऑफिसरचा, तर कोणी वर-खाली होत नाही. उलट इंजिनरूममध्ये किती माणसे गेली हे आकडे प्रथमच स्पष्ट दिसतील. म्हणजे इंजिनवाल्यांच्या बाजूने केलेला आक्षेपही हुद्द्यासकट नोंद ठेवण्याच्याच बाजूने जातो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हा पेशा आता उरलेला नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणांवर चालणारी सागरी संकटसंदेश व्यवस्था जगभर पूर्ण लागू झाली आणि जहाजावर मोर्स जाणणारा अधिकारी ठेवण्याची सक्ती संपली. ब्रिटनमधली रेडिओ ऑफिसरांची संघटना त्याआधीच, १९८५ साली, इतर सागरी अधिकाऱ्यांच्या संघटनांत विलीन झाली होती. मग ज्याचा वारस कोणी नाही त्या पेशाची वेगळी आठवण कोणासाठी ठेवायची? याचे उत्तर याच आक्षेपात आहे. सैन्याच्या पलटणी टिकतात, त्यांचे दिन साजरे होतात, जुन्या लढायांची नावे नव्या जवानांना सांगितली जातात. रेडिओ ऑफिसरांमागे अशी चालती संस्था राहिली नाही. जुने सहकारी होते तोवर त्यांनी यादी राखली. त्यांच्यानंतर नोंद सार्वजनिक संस्थांनी सांभाळली नाही, तर ती सांभाळायला दुसरे कोणी नाही.

अनिर्णित मुद्दे

एवढे मान्य केले तरी काही प्रश्न उघडेच राहतात. पहिला, मोजायचे कोणाला? युद्धसमाधी आयोग दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतो. पण व्यापारी नाविकाचा मृत्यू शत्रूच्या कृतीमुळे किंवा युद्धाच्या धोक्यामुळे झालेला असावा लागतो. दिवे बंद ठेवून चालणाऱ्या ताफ्यातली टक्कर, वादळात बुडालेले जहाज, लाइफबोटीतल्या हालांनी खचलेल्या माणसाचा काही वर्षांनी झालेला मृत्यू, यांत युद्धाचा वाटा किती हे ठरवणे सोपे नाही. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात दारूगोळा युद्धासाठीचाच होता, पण आग शत्रूने लावलेली नव्हती. अशा सीमारेषेवरच्या घटनांमुळे मृत रेडिओ ऑफिसरांचा एकच आकडा सर्वांना मान्य होत नाही.

दुसरा प्रश्न व्यापारी आणि लष्करी यांच्यातल्या सीमेचा. १८ एप्रिल १९४२ रोजी जपानच्या पूर्वेला ‘नित्तो मारू’ या छोट्या मच्छीमार नौकेने अमेरिकन विमानवाहू जहाज पाहिले, ते रेडिओवरून कळवले आणि थोड्याच वेळात ती बुडवली गेली. ती नौका मासेमारीची, पण काम नौदलाच्या टेहळणीचे. तिच्यावरच्या माणसांना नाविक म्हणून आठवायचे की सैनिक म्हणून? शत्रुपक्षाच्या रेडिओ ऑफिसरांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. पेशाच्या स्मरणात दोन्ही बाजू याव्यात, हे तत्त्वतः पटण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र स्मारके राष्ट्राराष्ट्रांची राहिली आहेत.

तिसरा प्रश्न बुडालेल्या जहाजांचा. ‘गैरसोप्पा’ जवळजवळ पावणेपाच किलोमीटर खोलीवर २०११ साली सापडले. पुढच्या दोन वर्षांत त्यातून टनावारी चांदी आणि सातशेहून अधिक पत्रे वर आली, आणि लंडनच्या टपाल संग्रहालयाने ती पत्रे २०१८ साली लोकांसमोर ठेवली. हे अवशेष म्हणजे खजिना की समाधी? ब्रिटनचा १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा मुळात लष्करी सेवेतल्या जहाजांसाठी आहे. १९४३ साली ताफ्यातून जाताना बुडालेल्या ‘स्टोरा’ या मालवाहू जहाजाबद्दल, त्यावर मेलेल्या एका तोफचीच्या मुलींनी दाद मागितली. २००६ साली अपील न्यायालयाने असे जहाजही लष्करी सेवेत असू शकते असे मानले आणि २००८ साली ‘स्टोरा’ला संरक्षण मिळाले. पण एकट्याने जाणाऱ्या, खोल आंतरराष्ट्रीय समुद्रात बुडालेल्या जहाजांना हा आधार पुरत नाही. त्यांच्या रेडिओ रूम आणि इंजिनरूम आजही कोणत्याही संरक्षणाविना तळाशी आहेत.

चौथा प्रश्न आपल्याशी थेट संबंधित आहे. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या सिंदिया कंपनीनेही युद्धात जहाजे गमावली. १९४२ साली ‘जलराजन’ गेले, १९४३ साली ‘जलबाला’. भारतात ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, तो सिंदियाच्याच ‘लॉयल्टी’ जहाजाच्या १९१९ च्या मुंबई-लंडन प्रवासाची आठवण म्हणून. ब्रिटनने २००० सालापासून ३ सप्टेंबर हा व्यापारी नौदलाचा दिवस म्हणून धरला, तो युद्धाला जोडून. भारतीय सागरी दिनाचा आशय मुख्यतः उद्योगाच्या उभारणीचा आहे. युद्धात बुडालेल्या भारतीय नाविकांना त्यात किती जागा द्यावी, हा विचार आपल्याकडे अजून नीट झालेला नाही.

आढाव्याअंती

या वादातल्या तीनही भूमिकांत तथ्य आहे, पण त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या कराव्या लागतात त्या स्मरणाचा निकष चुकीचा घेतल्यामुळे. निकष अखेरच्या संदेशाचा घेतला, तर स्वतंत्र स्मारक म्हणजे निवडक वीरांची यादी होते आणि जहाजाला एक मानणाऱ्यांचा विरोध रास्त ठरतो. निकष पदाचा आणि सेवेचा घेतला, तर पेशाची यादी आणि जहाजाची यादी ही एकाच नोंदीची दोन वाचने होतात. मग डंकन आणि हॅम्पशायर एका पानावर येतात, आणि त्यांच्या जहाजांवरचे रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे खलाशीही त्यांच्याबरोबर येतात.

यासाठी नवा दगड उभारण्याची घाई नाही. लंडन, मुंबई आणि चितगाव येथे विभागलेली नावे जहाजवार एकत्र दाखवणारी, हुद्द्यासह शोधता येणारी सामाईक नोंद ही पहिली गरज आहे. त्यासाठी लागणारी मूळ सामग्री युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत, ब्रिटिश अभिलेखागारात, ऑक्सफर्डच्या मार्कोनी संग्रहात आणि मुंबईच्या सेलर्स होममध्ये आहे. ती जुळवण्याचे काम चिकाटीचे आहे, पण अशक्य नाही. मुंबईतून निघालेल्या जहाजांपासून, म्हणजे ‘तिलावा’सारख्या जहाजांपासून, त्याची सुरुवात मुंबईतच होऊ शकते. मुंबई विद्यापीठातले इतिहासाचे विद्यार्थी, नौवहन प्रशिक्षण संस्था आणि खलाशांच्या संघटना यांनी मनावर घेतले, तर एका जहाजाची पूर्ण माणसे, कप्तानापासून भंडाऱ्यापर्यंत, एका यादीत पुन्हा एकत्र आणता येतील. एका जहाजाचे हे काम पुरे झाले, की पुढच्या जहाजांसाठी पद्धत तयार असेल.